शिवण पक्की, बोट मात्र अडलेलं

उन्हाळ कांद्याची पात कापताना वैजापूरकडे विळा लागतो तो बहुतेक वेळा डाव्या हाताला; कांदा त्याच मुठीत असतो ना. जखम इंचभर. फडकं बांधलं की रक्त थांबतं आणि माणूस पुन्हा वाफ्यात बसतो. बोटाचं टोक मिटत नाही, हे कळायला कधी कधी दोन दिवस जातात. मग गाव म्हणतं, ‘शीर तुटली.’

तुटलेली असते कंडरा, म्हणजे कोपराखालच्या स्नायूची ओढ बोटाच्या हाडापर्यंत नेणारी दोरी. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात मिटण्यासाठी अशा दोन असतात. वरची मधल्या पेराच्या आधीच दुभंगते आणि त्या फटीतून खालची टोकाला जाते. मधलं पेर सरळ धरून फक्त टोक वाकवून बघा; ते काम खालचीचं.

दोघींचा बोगदा एकच, तोही अरुंद. अमेरिकी सर्जन स्टर्लिंग बनेल या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत: इथे लगेच टाके घालूच नयेत. कारण शरीराला कंडरा, बोगदा, कातडी असा भेद कळत नाही. सगळी मिळून एकच जखम समजून ते तंतू विणत सुटतं. दोरी सांधते, पण भिंतीलाही चिकटते.

हात प्लास्टरमध्ये गप्प ठेवला तर चिकटणार. जोर लावला तर टाका तुटणार, कारण पहिले दोनेक आठवडे शिवण फार नाजूक असते. यातून वाट काढली ती हॅरल्ड क्लायनर्ट यांनी. नखाला रबर अडकवायचं, बोट त्यानेच मिटायचं आणि रुग्णाने फक्त उघडायचं. १९६७ साली त्यांनी मांडलेले निकाल अनेकांना खरेच वाटेनात. पुढे १९७५ मध्ये ड्युरान आणि हाउझर यांनी सांगितलं, की कंडरा तीन ते पाच मिलिमीटर सरकली तरी पुरे. हरभऱ्याच्या दाण्याएवढीसुद्धा नाही!

चिकटू नये म्हणून जेल, पातळ पडदे असं बरंच आजमावलं गेलं. व्यायामाची जागा कशानेच घेतलेली नाही. आता तर पहिल्या आठवड्यातच, पाठीमागून पट्टी लावून, मोजून हालचाल सुरू करतात. पट्टी साधारण सहा आठवडे, जड काम तीन महिन्यांनी.

आमच्याकडे गाडं अडतं ते इथेच. शस्त्रक्रिया संभाजीनगरला घाटी रुग्णालयात होते. व्यायाम शिकायला पुन्हा पुन्हा सत्तरेक किलोमीटर जायचं, तेही मजुरी बुडवून. बोट अडलंच तर काही महिन्यांनी चिकटलेली कंडरा पुन्हा शस्त्रक्रियेने सोडवतात. तेव्हाही जखम नवी असते, म्हणून बोट एक-दोन दिवसांतच हलवायला लावतात.