समारोपात काय उरतं?
साहित्यलेखाची बांधणी : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण लेखाच्या मधल्या परिच्छेदांचं काम पाहिलं. मुद्दा मांडायचा, कलाकृतीतला प्रसंग समोर ठेवायचा आणि त्या प्रसंगातून तो मुद्दा कसा निघतो हे उलगडायचं. आज समारोपाकडे वळू. बरा चाललेला लेख नेमका इथे ढेपाळतो. लिहिणारा दमलेला असतो, शब्दमर्यादा संपत आलेली असते. मग 'थोडक्यात सांगायचे तर' असं म्हणून मागचेच मुद्दे पुन्हा मोजून दाखवले जातात.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घेऊ. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर येतो, शाळेत पोरं गोळा करतो. त्याच्या पुढाकारानं आणि वाडीच्या कष्टानं तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो, माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. समजा, आपल्या लेखाचं प्रतिपादन असं आहे : या कादंबरीचा नायक सगळी वाडीच आहे. मधल्या परिच्छेदांत आपण वाडीच्या कारभाऱ्याचा शब्द, तालमीचं बांधकाम आणि दुष्काळ हे तीन आधार दिले. आता शेवट कसा करायचा?

बहुतेकांच्या हातून असा परिच्छेद उतरतो : 'अशा प्रकारे बनगरवाडी ही मराठीतील एक श्रेष्ठ कादंबरी आहे. लेखकाने ग्रामीण जीवनाचे हुबेहूब चित्रण केले आहे. म्हणूनच ती आजही ताजी वाटते.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण कादंबरीचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही ग्रामीण कादंबरीचं नाव घाला, परिच्छेद जसाच्या तसा चालेल. समारोप तपासायची ही सगळ्यात सोपी कसोटी. नाव बदलून चालत असेल, तर तो या लेखाचा समारोप नव्हे.

आता हा दुसरा पाहा : 'वाडी हीच नायक असेल, तर कादंबरीचा शेवट हा नायकाचाच शेवट ठरतो. तालमीसाठी जी माणसं एकत्र राबली, तीच दुष्काळात पांगतात. घरं, शाळा, तालीम जागच्या जागी असतात. वाडी मात्र उरत नाही. माडगूळकरांच्या लेखी गाव म्हणजे माणसांचं एकत्र नांदणं. ते थांबल्यावर मास्तरालाही तिथं राहायला कारण उरत नाही.'

इथे तीन गोष्टी घडल्या. एक, प्रतिपादन नुसतं परत न सांगता 'असेल, तर' म्हणून एक पाऊल पुढे नेलं. दोन, लेखात दूर दूर असलेले तालीम आणि दुष्काळ हे प्रसंग शेजारी आणले, आणि त्यातून जे दिसलं ते सुरुवातीला सांगता आलंच नसतं. वाचकाला आधी ती तालीम उभी राहताना दिसायला हवी होती. तीन, विस्तार बेतानं केला. कादंबरीतलं गाव म्हणजे काय, इथवर आपण गेलो. 'अखिल मानवी जीवन' या प्रदेशात शिरलो नाही. त्याला पुरेल एवढा पुरावा आपल्यापाशी नव्हता.

समारोपात नवा पुरावा आणू नये. 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांनी चित्रपट केला, ही माहिती शेवटच्या ओळींत आली तर वाचक भलतीकडे वळतो. ती गरजेची असेल तर मध्ये आणा आणि तिचं काम तिथंच करून घ्या. एखाद्या मोठ्या समीक्षकाचं वचन शेवटी चिकटवण्याचा मोहही आवरा. शेवटचा शब्द आपलाच असावा. एवढा वेळ कादंबरीशी झटल्यावर तो हक्क आपण कमावलेला असतो.

समारोप लिहिण्याआधी कच्चा खर्डा मिटून ठेवा आणि स्वतःला मोठ्यानं विचारा : 'हे सगळं खरं मानलं, तर पुस्तक आता वेगळं कसं दिसतं?' तोंडून जे उत्तर येईल, तेच आधी कागदावर उतरवा. पुष्कळदा हे उत्तर प्रस्तावनेतल्या प्रतिपादनापेक्षा अधिक नेमकं निघतं. तसं झालं तर मागे जाऊन प्रस्तावना दुरुस्त करा. त्यात कमीपणा नाही. लिहिताना विचार पुढे गेला, याचीच ती खूण आहे.

या आठवड्याचा सराव : आपला एखादा जुना लेख काढा, समारोपातलं पुस्तकाचं नाव बदलून पाहा आणि जी वाक्यं तरीही तशीच चालतात ती खोडा. उरलेल्यावर नवा परिच्छेद बांधा. पुढच्या लेखांकात कवितेवरच्या लेखाचा समारोप पाहू. तिथं कथानकाचा शेवट आधाराला नसतो, त्यामुळे वाट थोडी निराळी असते.