तिथी आकाशाची, नियम माणसांचे

2024च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन उत्तरेत अनेक ठिकाणी 31 ऑक्टोबरला झाले, महाराष्ट्रात 1 नोव्हेंबरला. ‘खरी अमावस्या कोणाची?’ असा वाद लगेच रंगला. अमावस्या मात्र दोघांचीही एकच होती. ती 31 तारखेला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळी, अमावस्या हवी. ती पहिल्या संध्याकाळी पूर्ण होती आणि दुसऱ्या संध्याकाळी थोडीशीच. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावस्येचा स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या नियमाने आपल्याकडच्या प्रमुख पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला.

तिथी कधी लागते हे गणिताने ठरते आणि ती कोणत्या दिवशी पाळायची हे धर्मशास्त्र व संप्रदाय ठरवतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे गैरसमज जन्माला येतात.

गैरसमज : तिथी सूर्योदयाला लागते आणि 24 तास टिकते.

वस्तुस्थिती : चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. असे 30 टप्पे झाले की चांद्रमास संपतो. त्याला सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून तिथीची सरासरी 24 तासांहून थोडी कमीच भरते. त्यात चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो पृथ्वीजवळ असताना झपाट्याने चालतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी 20 तासांत आटोपते, तर एखादी 26 तासांच्याही पुढे जाते.

तिथी दिवसा-रात्री केव्हाही बदलू शकते. सूर्योदयाला जी चालू असेल तिचे नाव त्या दिवसाला मिळते, एवढेच. दोन सूर्योदयांच्या मध्ये लागून संपलेली ती क्षयतिथी आणि दोन सूर्योदय पाहिलेली ती वृद्धितिथी. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, सूर्योदय मात्र गावोगावी वेगळा. नागपूरला सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो. तिथी नेमकी त्या अवधीत संपली तर दोन्ही शहरांत दिवसाची तिथी वेगळी पडेल. अमेरिकेतल्या मराठी घरात गणपती कधीकधी भारतातल्या तारखेच्या एक दिवस आधी बसतात, त्याचे कारणही हेच.

गैरसमज : सूर्योदयाला असलेल्या तिथीलाच सण किंवा व्रत येते.

वस्तुस्थिती : प्रत्येक व्रताचा स्वतःचा कर्मकाल असतो. रामनवमीला नवमी मध्यान्ही हवी, महाशिवरात्रीला चतुर्दशी मध्यरात्री हवी, प्रदोषाला त्रयोदशी सूर्यास्तानंतर हवी. संकष्टीला वद्य चतुर्थी चंद्रोदयाच्या वेळी असावी लागते. म्हणून पंचांगात दिवसाची तिथी तृतीया असताना त्याच चौकटीत ‘संकष्ट चतुर्थी’ छापलेली दिसते. ही मुद्रणाची चूक नसते. सकाळी तृतीया असली तरी रात्री चंद्र उगवताना चतुर्थी लागलेली असते.

गैरसमज : लागोपाठ दोन दिवस एकादशी दाखवली, म्हणजे पंचांगकर्त्यांचे एकमत झाले नाही.

वस्तुस्थिती : स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी या दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि एकच पंचांग दोन्ही नोंदवते. स्मार्त सूर्योदयाची तिथी पाहतात. वैष्णव त्याआधी चार घटिका, म्हणजे 96 मिनिटे, अरुणोदयाला पाहतात. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीविद्ध ठरते आणि ते दुसऱ्या दिवशी उपवास करतात. फरक पडण्याचे हे मुख्य कारण. बहुतेक वेळा दोन्ही एकादश्या एकाच दिवशी येतात. वर्षाला 24 एकादश्या असतात. अधिक मासाच्या वर्षी कमला आणि परमा या दोन वाढून त्या 26 होतात.

गैरसमज : उत्तरेत श्रावण आधी लागतो, कारण त्यांच्या तिथी वेगळ्या.

वस्तुस्थिती : तिथी त्याच आहेत, महिना मोजण्याची पद्धत वेगळी आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटकात महिना अमावस्येला संपतो, तर उत्तरेत बव्हंशी पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखेच राहते, वद्य पक्षाचे बदलते. आपण माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र करतो, ते फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला करतात. दिवस मात्र एकच.

टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांतही हेच दिसते. तिथे अयनांश वेगळा धरतात, म्हणजे राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा येतो. त्यामुळे अधिक मास निराळा येऊ शकतो आणि काही वर्षी दिवाळी महिन्याच्या अंतराने पडते. तरीही तिथी बदलत नाही. ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर मोजली जाते, म्हणून आरंभबिंदू कुठेही धरला तरी वजाबाकीचे उत्तर तेच येते.

गैरसमज : एकादशीला चंद्र शरीरातले पाणी ओढतो, म्हणून त्या दिवशीचा उपवास शास्त्रीय.

वस्तुस्थिती : भरती येते ती पृथ्वीच्या दोन बाजूंवर चंद्राची ओढ कमी-जास्त असते म्हणून. हजारो किलोमीटरच्या पसाऱ्यात हा फरक जाणवतो. पाच-सहा फुटांच्या देहात तो नगण्य असतो. शिवाय समुद्राला उधाण येते ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते आणि एकादशीला समुद्र नुकताच भांगातून सावरत असतो. ओढीचाच हिशेब लावायचा तर एकादशी ही त्यासाठी निवडण्यासारखी तिथी नव्हे. उपवासाचा आधार श्रद्धा आणि संयम हाच आहे. त्याला भौतिकशास्त्राचा दाखला जोडण्याची गरज नाही.

गैरसमज : उपवासाचे पदार्थ हजारो वर्षांपासून ठरलेले आहेत.

वस्तुस्थिती : आपले ताट पाहा. साबुदाण्याचा टॅपिओका, खिचडीतले शेंगदाणे आणि हिरवी मिरची, भाजीचा बटाटा, किसाचे रताळे, लाडवाचा राजगिरा ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिके. ती आपल्याकडे रुजली मुख्यतः पोर्तुगीज आल्यानंतर, गेल्या पाच शतकांत. आज साबुदाणा बनतो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलम परिसरात. वरी, शिंगाडा, सुरण यांचा आपल्याकडचा वावर त्याहून जुना. एकादशीला धान्य वर्ज्य हा नियम जुना आहे. मग जे धान्यात मोडत नाही असे मानले गेले, ते ताटात येत गेले. म्हणूनच घरोघरी उपवासाची यादी वेगळी असते.

गैरसमज : अमावस्या म्हणजे अशुभ दिवस.

वस्तुस्थिती : लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला होते. आषाढी अमावस्येला दिव्यांची पूजा होते, श्रावणी अमावस्येला बहुतेक ठिकाणी पोळा भरतो आणि सोमवती अमावस्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला जाते. काही कामांचा मुहूर्त या दिवशी धरत नाहीत, पण त्यावरून सबंध दिवसच वाईट ठरत नाही.

तिथीबद्दल पुढचा वाद कानावर आला, की पंचांगात दोन वेळा पाहाव्यात : तिथी संपण्याची आणि त्या व्रताच्या कर्मकालाची. तिथी संपण्याच्या वेळेत दोन पंचांगांचा मोठा फरक दिसला, तर गणित तपासायला हवे. ती वेळ जुळली आणि तरीही सण दोन दिवशी आला, तर फरक नियमाचा आहे. अशा वेळी आपल्या घरची रीत पाळावी आणि शेजाऱ्याला त्याची पाळू द्यावी.