नशीब लिहिणारा हात

मोबाईलवरच्या खेळांत आज एक बंद पेटी विकली जाते. कुठे तिला 'लूट बॉक्स' म्हणतात, कुठे 'क्रेट'. खेळणारा रुपये मोजून आधी कंपनीची आभासी नाणी घेतो आणि त्या नाण्यांनी पेटी उघडतो. आत बंदुकीचा नवा रंग निघेल, पोशाख निघेल. बहुधा क्षुल्लकच काही निघते.

या व्यवहाराचे गणित ध्यानात घेतले पाहिजे. समजा, पेटी ५० रुपयांची आहे आणि हवी ती वस्तू निघण्याची शक्यता १ टक्का आहे. १०० पेट्यांत, म्हणजे ५,००० रुपयांत, ती हमखास मिळेल असे पोराला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येकी १०० पेट्या उघडणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने उठतात. साध्या सोडतीत मागचे अपयश पुढच्या पेटीला ठाऊक नसते.

मग हा जुगार नव्हे काय? बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली होय म्हटले. चीनने २०१७ पासून शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मात्र २०२२ साली कंपनीवरचा दंड रद्द केला. पेटी हा स्वतंत्र खेळ नाही, असे ते म्हणाले. आपल्याकडच्या २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली; पण त्याचा भर पैसा जिंकण्याच्या अपेक्षेवर आहे. मटका लावणाऱ्या गिरणी कामगाराला पैसा परत येण्याची निदान आशा तरी होती. इथे तीही नाही. म्हणजे ज्या कारणाने ही लूट अधिक पुरी होते, त्याच कारणाने ती कायद्याच्या हातून निसटते!

वस्तीतल्या पोराने मजुरीचे पैसे यात घालवले की 'पोरगं बिघडलं' असा निवाडा होतो आणि पेटी विकणारा नामानिराळा राहतो. सटवाई कपाळावर लिहून जाते, हे आम्ही १९५६ सालीच नाकारले. या पेटीतले नशीब तर कंपनीच्या कचेरीतला पगारी माणूस आकड्यांत लिहितो. लिहिणारा आहे, म्हणून त्याला जाब विचारता येतो. शक्यता मराठीत छापा, किंमत रुपयांत दाखवा, अल्पवयीनांना पेटी विकू नका, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. आणि वरचे गणित शिक्षकांनी अभ्यासिकेच्या फळ्यावर मांडले पाहिजे.