मामांचा मुका अ‍ॅम्प्लिफायर

दसरा उलटला की घराघरांतल्या जुन्या वस्तूंवर संक्रांत येते. यंदा निगडीला आमच्या मामांकडे ती त्यांच्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर आली. सागवानी खोक्यातले ते धूड मामांनी १९७६ साली दिवाळीच्या बोनसातून घेतले होते. त्या वेळी ते भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला १९५४ साली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि बघता बघता ज्वारीच्या रानांतून भोंगे वाजू लागले. नगरपालिकेची महानगरपालिका झाली १९८२ मध्ये, आणि चाकणकडे मोटारींचे मोठे कारखाने गेले ते तर पुष्कळच नंतर. त्या पहिल्या पिढीच्या कामगाराने बोनसातून सायकल घ्यावी, फार तर शिवणयंत्र. मामांनी गाणे घेतले! मामी त्यावर महिनाभर बोलल्या नव्हत्या म्हणतात.

तर झाले असे. साफसफाईनंतर मामांनी तबकडी लावली, बटण दाबले, आणि ‘फट्’ असा आवाज होऊन सारे शांत झाले. फ्यूज बदलला, तोही गेला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तळहाताएवढे नवे यंत्र मिळते हल्ली. हे रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू.”

मामा काहीच बोलले नाहीत. पण संध्याकाळी मला फोन आला. “अरे, जरा येऊन जातोस का? डोळे आहेत रे, पण हात थरथरतो. डाग तू द्यायचास.”

झाकण काढण्याआधी मामांनी मला दरडावले. वीज बंद केली तरी आतली मोठी कपॅसिटर भरलेली असतात. ती दिव्यातून किंवा रोधातून रिकामी केल्याशिवाय आत बोट घालायचे नाही. मग त्यांनी मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरची चार पोलादी बटणे दाखवली. हेच ते २एन३०५५ ट्रान्झिस्टर. डाव्या बाजूला दोन, उजव्या बाजूला दोन. पंधरा अँपियर आणि साठ व्होल्ट सोसणारा हा गडी त्या काळच्या किती अ‍ॅम्प्लिफायरांत होता, त्याला गणती नाही. त्याला पाय दोनच. तिसरा पाय म्हणजे त्याचे अंगच. म्हणून तर त्याच्याखाली अभ्रकाची चकती घालतात, नाहीतर वीज थेट पट्टीत उतरायची.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, आणि १९५६ मध्ये शॉक्लेसह त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मामांना हे ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचे अडलेही नाही. त्यांची व्याख्या सोपी: “बारीक तोटीने मोठा नळ सोडायचा, म्हणजे ट्रान्झिस्टर.” बारीक तोटी म्हणजे बेस, आणि मोठा नळ वाहतो तो कलेक्टरपासून एमिटरकडे.

तपासणीही त्यांच्या मते तितकीच सोपी. मल्टीमीटरचे एक टोक बेसला लावायचे, दुसरे आधी एमिटरला, मग कलेक्टरला. वीज एका दिशेने जावी, उलट्या दिशेने जाऊ नये. सिलिकॉनचा असेल तर आकड्याचा मीटर सहा-सात दशांश व्होल्ट दाखवतो, जुन्या जर्मेनियमचा असेल तर दोन-तीन दशांश. आणि कलेक्टर-एमिटरमध्ये मात्र कुठल्याच दिशेने सरळ वाट असता कामा नये. (काट्याच्या मीटरमध्ये ओहम मोजताना काळी तार धन असते, लाल नव्हे. मी इथे पहिली अर्धी दुपार वाया घालवली.) शिवाय भाग जागेवरच ठेवून मोजले तर शेजारचे रोध खोटी साक्ष देतात; म्हणून संशयिताला बाहेर काढूनच विचारायचे.

डावी जोडी ठणठणीत निघाली. उजव्या दोन्हींत कलेक्टरपासून एमिटरपर्यंत उघडा रस्ता! त्यांना हाकणारा छोटा ट्रान्झिस्टरही गेला होता आणि एमिटरचा रोध काळा पडला होता. उजव्या बाजूचा वीजपुरवठा तोडून पाहिले, तर डावीकडून गाणे आले. पण तबला उजवीकडे राहायचा, तो आला नाही. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “हे लंगडे गाणे बंद करा बाई.”

मी मोबाइलवरून नवी जोडी मागवली, फार स्वस्तात. रोध आणि छोटा ट्रान्झिस्टर बदलला, अभ्रकावर पांढरे मलम लावले, आणि पट्टीपासून अंग सुटे आहे ना, तेही मीटरने पाहिले. मामांनी माळ्यावरून शंभर वॅटचा तारेचा दिवा काढून विजेच्या वाटेत जोडला. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगेल, यंत्र वाचेल. सारे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावेल. तो मंदावला. पुरवठा पन्नास व्होल्टचा, जोडीच्या मध्यबिंदूवर बरोबर पंचवीस. दिवा काढला, गाणे लागले. मी मुद्दाम आवाज वाढवला. दहा मिनिटांत पुन्हा ‘फट्’!

माझे तोंड पाहण्यासारखे झाले असावे. मामांनी शांतपणे करवतीने मेलेल्या दोन्ही ट्रान्झिस्टरांच्या टोप्या कापल्या. जुन्याच्या पोटात मसुरीच्या डाळीएवढा सिलिकॉनचा तुकडा होता. नव्याच्या पोटात तिळाएवढा. वर छाप तोच, अंगही तेच!

मग बिस्किटांचा डबा उघडला. चिखलीजवळ कुदळवाडीत भंगाराची गोदामे होती (२०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने त्यातली पुष्कळ पाडली). तिथून मामांनी फार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या यंत्राचा वीजपुरवठा आणला होता. त्यातले चार २एन३०५५ कागदात गुंडाळून ठेवलेले. चारही तपासले, त्यातली जोडी निवडली. आजूबाजूचे भाग डाव्या बाजूशी ताडून पाहिले. या खेपेला पट्टीवर हात ठेवून आम्ही तासभर बसलो. कोमट झाली, तापली नाही.

पण मूळ जोडी मेली कशाने? मामांनी मला खुणेने मागे बोलावले. उजव्या स्पीकरची तार जिथे अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात, तिथे तिचे उघडे केस एकमेकांना टेकले होते. स्पीकर ओढून त्याच्यामागची जळमटे काढताना तार ओढली गेली असणार. मामांनी ते केस पिळून नीट बसवले आणि मला डोळ्यांनी दटावले.

वसुबारसेला संध्याकाळी गाणे लागले. मामी पदर खोचून दारात उभ्या. “कशाने बिघडले होते हो?”

“वय झाले होते त्या ट्रान्झिस्टरांचे,” मामा म्हणाले. “तू जरा त्या उजव्या बाजूला बस. तबला ऐक.”