'सत्यघटनेवर आधारित' म्हणजे किती सत्य?

गोव्यातल्या मुरगाव बंदरात 9 मार्च 1943 च्या रात्री गाळ वाहणारी एक जुनाट बार्ज 'एरनफेल्स' या जर्मन मालवाहू जहाजाला येऊन भिडली. बार्जवरून शिड्या लावून जहाजावर चढलेली माणसे कोलकात्यातले व्यापारी, हिशेबनीस आणि कंपन्यांमधले साहेब होते. बहुतेकांनी चाळिशी ओलांडली होती. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि त्याचे काही सहकारी मारले गेले. जर्मनांनी ठरवून ठेवल्याप्रमाणे स्वतःच जहाज बुडवायला सुरुवात केली. बंदरातल्या 'ब्राउनफेल्स' आणि 'द्राखनफेल्स' या जर्मन आणि 'अन्फोरा' या इटालियन जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजे पेटवून दिली. पहाट होईपर्यंत हल्लेखोर समुद्रात दिसेनासे झाले होते.

ही हकिगत पस्तीस वर्षे दडून राहिली. जेम्स लीझर यांनी 1978 मध्ये 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक लिहिले आणि त्यावरून 1980 मध्ये अँड्र्यू मॅकलाग्लेन यांचा 'द सी वुल्व्ह्ज' आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन, ट्रेव्हर हॉवर्ड अशी तालेवार मंडळी आणि गोव्यात झालेले चित्रीकरण. महायुद्धातल्या हेरगिरीवरच्या चित्रपटांमध्ये आपल्या किनाऱ्यावर घडलेली गोष्ट सांगणारा हा जवळपास एकटाच. म्हणून त्याच्याविषयी प्रेक्षक काय बोलतात, हे आपण लक्ष देऊन ऐकायला हवे.

हौशी माणसेच का?

मुरगाव तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. युद्ध सुरू होताच शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ही जहाजे तिथे आसऱ्याला आली होती. एरनफेल्सवर गुप्त बिनतारी यंत्र आहे आणि त्यावरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिश हेरखात्याला संशय होता. पण तटस्थ बंदरावर फौज पाठवणे म्हणजे पोर्तुगालला डिवचणे. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर ब्रिटनला तळ हवे होते आणि त्याच वर्षी ते पोर्तुगालकडून मिळालेही. हे सारे मुरगावच्या एका जहाजापायी पणाला लावणे परवडणारे नव्हते.

मग लुईस प्यू या अधिकाऱ्याने 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळाच्या तुकडीकडे मदत मागितली. तिचे सभासद नोकरीधंदा सांभाळून कवायत करणारे. पकडले गेले तर सरकारने हात झटकावेत आणि यशस्वी झाले तरी पदक मागू नये, हा करार. 'फीबी' नावाची बार्ज कोलकात्याहून श्रीलंकेला वळसा घालून निघाली. बाकीची मंडळी आगगाडीने कोचीनला गेली आणि तिथे बार्जवर चढली.

तीन प्रेक्षक, तीन मते

या चित्रपटाविषयीचे पहिले मत तक्रारीचे. नट म्हातारे आहेत. 1980 मध्ये निव्हन सत्तर वर्षांचे, हॉवर्ड सदुसष्ट, पेक चौसष्ट. तक्रार अर्धी खरी आहे. प्यू यांनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, त्यांच्या भूमिकेत पेक थकलेले दिसतात. पण पोट सुटलेल्या, दम लागणाऱ्या माणसांनी हे साहस केले, हाच तर या घटनेचा गाभा आहे. सहा महिने व्यायामशाळेत घाम गाळलेले तरुण तारे घेतले असते, तर चित्रपट अधिक वेगवान झाला असता आणि अधिक खोटाही.

दुसरे मत कौतुकाचे. कथा सुटसुटीत, विनोद सभ्य, शेवटची अर्धी घटका श्वास रोखून धरणारी. हेही मान्य. मात्र रॉजर मूर त्या काळात जेम्स बाँड होते आणि पटकथेने त्यांच्यासाठी नेहमीची वाट काढली. मिसेस क्रॉमवेल ही मोहक हेर स्त्री आणि तिच्याशी जुळलेले प्रेमप्रकरण ही पटकथेची भर आहे. बंदरातल्या खलाशांना त्या रात्री मेजवानी आणि करमणुकीच्या निमित्ताने जहाजांपासून दूर काढण्याची योजना मात्र पुस्तकात आहे. म्हणजे पडद्यावर जे अविश्वसनीय वाटते ते पुस्तकातून आलेले आणि जे सराईत वाटते ते रचलेले.

तिसरे मत गोवा जाणणाऱ्या प्रेक्षकाचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. तो विचारतो, यात गोव्याची माणसे कुठे आहेत? घरे, रस्ते, चर्च दिसतात. माणसे ट्रे घेऊन येतात आणि निघून जातात.

पडद्याबाहेर राहिलेले लोक

हा प्रश्न भावनेचा नाही, इतिहासाचा आहे. पाणबुड्यांनी बुडवलेल्या ब्रिटिश जहाजांवर स्वयंपाकघरात, भोजनगृहात आणि डेकवर गोव्याचे आणि रत्नागिरीचे हजारो खलाशी राबत होते. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांच्या 'कुडी', म्हणजे सामाईक बिऱ्हाडे, होत्या. जहाज मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे मुक्काम करत. मुरगावहून जाणारी एखादी खबर खरोखर जीवघेणी ठरली असेल, तर मरणाऱ्यांत हेही होते. चित्रपटाने त्यांच्यातल्या एकाला जरी चेहरा दिला असता, तर छाप्याचे कारण प्रेक्षकाला पोटातून कळले असते.

त्या कारणाकडेही जरा नीट पाहू. छाप्यानंतर पाणबुड्यांचे हल्ले एकदम थंडावले, असे पुस्तक सांगते आणि चित्रपट तेच ठसवतो. पण मार्च 1943 मध्ये जर्मन पाणबुड्यांचा जोर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत होता. हिंदी महासागरासाठी नेमलेला त्यांचा 'मोन्सून' गट तर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपातून निघाला. एखादी गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून ती तिच्यामुळे घडली असे होत नाही. छापा पडला हे पक्के. त्याने युद्धाचे पारडे किती हलवले, याबाबत सावध राहणेच बरे.

चित्रपट विजयावर संपतो, पुढचे सांगत नाही. बंदरातल्या जर्मन खलाशांना पोर्तुगीजांनी आग्वादच्या किल्ल्यात डांबले. 1946 मध्ये राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर गोवामुक्तीची चळवळ पेटली, तेव्हा त्याच किल्ल्यात त्रिस्ताव ब्रागांझ कुन्या यांना कोंडले गेले. गोव्याच्या स्वातंत्र्याला 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला. ज्या कोलकात्यातून हे साहसवीर निघाले, त्याच्या रस्त्यांवर 1943 च्याच दुष्काळात माणसे अन्नावाचून मरत होती.

वऱ्हाडातून पाहताना

तिवसा तालुक्यात बसून हा चित्रपट पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. मुरगावच्या छाप्याआधी अवघे सात महिने, ऑगस्ट 1942 मध्ये, 'चले जाव' चळवळीत वर्धा नदीपलीकडे आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले होते आणि गोळीबारात माणसे पडली होती. इकडे यावलीतही गोळ्या चालल्या. मोझरीच्या गुरुकुंजातून गावे जागी करणाऱ्या तुकडोजी महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले होते. पडद्यावरचे नर्मविनोदी साहेब ज्या राजवटीसाठी जीव धोक्यात घालत होते, त्याच राजवटीच्या बंदुका इथे गावकऱ्यांवर रोखलेल्या होत्या. त्या साहेबांचे धाडस यामुळे खोटे ठरत नाही. नाझी पाणबुड्यांशी लढणे योग्यच होते. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षभरातल्या आहेत आणि आपल्या प्रेक्षकाला त्या एकत्र आठवण्याचा हक्क आहे.

म्हणून 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटी दिसली की चार प्रश्न विचारावेत. घटना घडल्याचा पुरावा काय? कुठली पात्रे रचलेली? परिणाम किती फुगवला? आणि कोणाला वगळले? 'द सी वुल्व्ह्ज' पहिल्या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देतो, बाकी तिन्हींना अडखळतो, तरीही पाहण्यासारखा आहे. आष्टी आणि यावलीवर उद्या कुणी मोठा चित्रपट काढला, तर त्यालाही हेच चार प्रश्न विचारायला आपण कचरू नये. आपल्या हुतात्म्यांची गोष्ट खरी आहे. तिला रचलेल्या नायिकेची आणि फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही.