प्लास्टरमधला हात आणि सुट्टीची सहल

धरणगावात मुलांचे हात मोडण्याचे मोसम जवळजवळ ठरलेले आहेत. संक्रांतीला पतंगामागे गच्चीवरून, उन्हाळ्यात चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या झाडावरून आणि दिवाळीच्या सुट्टीत सायकलवरून. शाळा उघडली की एखादा तरी हात गळ्यातल्या झोळीत असतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्या पांढऱ्या प्लास्टरवर अख्ख्या वर्गाच्या सह्या झालेल्या असतात. शिक्षिकेला यात नवल नाही. पण सुट्टीतच हात मोडला तर घरापुढे वेगळा पेच पडतो, कारण सहल आधीच ठरलेली असते.

माझ्या भावाच्या घरी हेच झालं. दिवाळीच्या सुट्टीत मुंब्र्याला नातेवाइकांकडे जायचं आणि तिथून एक दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात, असा बेत होता. नऊ जणांची तिकिटं काढून झाली होती. अकरा दिवस उरले असताना सहावीतली मुलगी सायकलवरून पडली. उजवा हात, मनगटाच्या वर. लहान मुलांचं हाड कडुलिंबाच्या ओल्या काडीसारखं असतं. पुष्कळदा ते कटकन तुटत नाही, एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने वाकतं. तिचं तसंच होतं. सरळ करून प्लास्टर घातलं आणि पाच आठवडे सांगितले.

घरात दोन तट पडले. दादी म्हणाल्या, “पोरीला नजर लागलीय. तिला माझ्याजवळ ठेवा, तुम्ही जाऊन या.” भाऊ म्हणाला, “तिकीट कशाला वाया घालवायचं? हळू चालणाऱ्या पाळण्यात बसेल, एका हाताने धरेल.” दोघांचंही तिच्यावर प्रेमच आहे. पण माझ्या मते दोघांचंही म्हणणं चूक होतं. घरी ठेवणं म्हणजे पडल्याबद्दल शिक्षा देणं, आणि पाळण्यात बसवणं म्हणजे चारशे किलोमीटर दूर जाऊन हाड पुन्हा सरकवण्याची तयारी. तिला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, “फूफी, मला यायचंय. नाही बसले तरी चालेल.”

मग डॉक्टरांना विचारलं. प्रवासाच्या आधी फोटो काढून हाड जागेवर आहे ना ते त्यांनी पाहिलं, कारण पहिल्या दोन आठवड्यांत बसवलेलं हाड पुन्हा सरकू शकतं. मग परवानगी दिली, ती तीन अटींवर. हिसका बसेल अशा कशातही बसायचं नाही, प्लास्टर भिजू द्यायचं नाही आणि बोटं हलवत राहायची.

बोटांची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. प्लास्टर सैल होत नाही, पण आतला हात सुजू शकतो. सूज वाढली की रक्त अडतं. म्हणून प्लास्टरच्या बाहेर राहिलेली बोटं दिवसातून चार-पाच वेळा पाहायची. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं पांढरी किंवा निळी पडली, गार लागली, मुंग्या आल्या, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली तर घरी परतेपर्यंत थांबायचं नाही. असाल त्या गावच्या दवाखान्यात तासाभरात पोचायचं. त्यासाठी डॉक्टरांचा कागद बरोबर आणि फोटोची प्रत मोबाइलमध्ये ठेवायची. रात्रीच्या गाडीत तिला खालचा बाक दिला, हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवला.

इथे हाडवैद्याबद्दल लिहायलाच हवं. आपल्या खानदेशात अजूनही कित्येक घरी पडलेल्या मुलाला आधी त्यांच्याकडे नेतात. त्यांच्या हाताला सराव असतो, बोलणं आपुलकीचं असतं आणि पैसे कमी लागतात. पण फोटो न काढता बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी मुलाचा पंजा कायमचा अधू करू शकते. विशेषतः कोपराच्या वरचं हाड मोडलं असेल तर. रक्त न मिळाल्याने पुढच्या हाताचे स्नायू मरतात आणि बोटं पक्ष्याच्या नखांसारखी आत वळून राहतात. जर्मनीतले शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं. दीडशे वर्षं होत आली, तरी हा प्रकार पूर्ण थांबलेला नाही. पट्टी बांधल्यावर मूल रात्रभर रडत असेल तर “हाड जुळतंय, दुखणारच” असं म्हणून त्याला थोपटत बसू नका.

खरं तर मोडलेल्या हाडाच्या विद्येशी आपलं जुनं नातं आहे. अंदलुसमध्ये, कुर्तुब्याजवळ, दहाव्या शतकात अबुल कासिम अज़-ज़हरावी होऊन गेले. त्यांच्या ‘अत्-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात मोडलेली व निखळलेली हाडं यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. बाराव्या शतकात त्या भागाचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातले वैद्य शतकानुशतकं ते वाचत राहिले. आज दिसणारी प्लास्टरची पट्टी मात्र अलीकडची. हॉलंडच्या लष्करातले डॉक्टर मातायसेन यांनी १८५२ साली ती जगापुढे मांडली. सुती पट्टीत भाजलेल्या जिप्समची पूड, ती पाण्यात बुडवून गुंडाळायची. काही मिनिटांत ती गरम होते आणि घट्ट बसते. म्हणूनच प्लास्टर घालताना मुलं “भाजतंय” म्हणतात. घाबरण्याचं कारण नसतं, पण चटका लागतोय असं वाटलं तर लगेच सांगावं.

आता उद्यानाकडे वळते.

मोठ्या उद्यानांत प्रत्येक खेळाच्या दाराशी पाटी असते. उंची किती हवी, आणि कोणी बसू नये: हृदयविकार, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, प्लास्टर असलेले. वेगाच्या खेळांना हा नियम जवळपास सगळीकडे असतो. ‘निट्रो’सारख्या रोलर कोस्टरपाशी आमच्या मुलीला न्यायचा प्रश्नच नव्हता. पण हळू दिसणाऱ्या खेळालाही “नको” का म्हणायचं, हे भावाला पटवायला मला वेळ लागला. एक तर दांडा दोन हातांनी धरायचा असतो. एका हाताने धरलेलं शरीर वळणावर बाजूला फेकलं जातं आणि माणूस आपोआप दुसरा हात टेकतो, म्हणजे मोडलेलाच. दुसरं, प्लास्टर दगडासारखं कठीण असतं. हिसक्यात ते शेजारच्या मुलाच्या तोंडावर आदळू शकतं. तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. वीज गेली किंवा खेळ मध्येच थांबला तर अरुंद जिन्याने खाली उतरावं लागतं आणि तिथे कठडा धरायला दोन्ही हात लागतात.

पाण्याच्या खेळांचं तर सांगायलाच नको. साधं प्लास्टर भिजलं की मऊ पडतं. फायबरचं टिकतं, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी कुजायला लागते. प्लास्टिकची पिशवी बांधून चार थेंब अडतात, डुबकी नाही. भिजलंच तर डॉक्टरांकडे जाऊन बदलून घ्यायचं.

झोळीबद्दलही एक गोष्ट. आपल्याकडे अम्मीची ओढणी तिकोनी दुमडून गळ्यात बांधतात. उत्तम झोळी होते, पण टोकं लोंबू देऊ नका. गाठ मारून आत खोचा. हे फक्त प्लास्टरवाल्या मुलीसाठी नाही. ओढणी, बुरख्याचं टोक, मोकळे केस, काहीही फिरत्या चाकात ओढलं जाऊ शकतं. हरियाणातल्या पिंजोरमध्ये २०१८ साली गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुण आईचा जीव गेला होता.

मग तिने दिवसभर केलं काय? ही खरी अवघड बाजू. पहिल्या तासातच मी पाहिलं की प्रत्येक जण खेळाच्या रांगेत शिरताना आपली पिशवी, चप्पल, मोबाइल तिच्याकडे देत होता. “तू बसूनच आहेस ना!” अकरा वर्षांची मुलगी सात पिशव्यांच्या मध्ये बाकावर बसलेली होती. ते पाहून मी सगळ्यांना थांबवलं. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी मुलीला सामानघर करायचं नाही. सामान पैसे देऊन कुलपाच्या कपाटात ठेवलं आणि पाळी लावली: दर तासाला मोठ्यांपैकी एकाने खेळ सोडून तिच्याबरोबर फिरायचं आणि कुठे जायचं ते तिने ठरवायचं. तिने खेळ बघितले, एक कार्यक्रम बघितला, आइस्क्रीम खाल्लं आणि प्रत्येक खेळातून उतरणाऱ्या भावंडांना दहापैकी गुण दिले. चुलतभाऊ रोलर कोस्टरवर डोळे मिटून बसला होता हे तिने खालून ओळखलं आणि त्याला शून्य दिले. संध्याकाळी मिरवणूक सुरू झाली तेव्हा सगळ्यांत पुढे जागा धरून तीच उभी होती, कारण बाकीचे थकून बसले होते.

जेवताना एक प्रसंग घडला. तिने डाव्या हाताने घास उचलला आणि आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी टोकलं, “बेटा, उलट्या हाताने नाही.” तिने घास खाली ठेवला आणि मग “भूक नाही” म्हणाली. असं तिच्याबाबत मुंब्र्याच्या दावतीतही झालं होतं, हे नंतर कळलं. उजव्या हाताने खाणं ही सुन्नत आहे, हे त्या मुलीला पाठ आहे. पण उजवा हात बांधलेला असेल तर तो उज्र आहे, आणि उज्र असणाऱ्यावर दोष नाही. हे मोठ्यांनी मुलाला आधीच, घरातून निघताना, स्वच्छ शब्दांत सांगून ठेवायला हवं. नाहीतर मूल दीनदारीच्या धाकाने उपाशी राहतं.

वुजूचंही तेच. ती दोन वेळा नमाजेला उठलीच नव्हती. विचारल्यावर म्हणाली, “हात धुता येत नाही, मग वुजू कशी होईल?” त्याला फार जुनं उत्तर आहे. जखमेवरच्या किंवा मोडलेल्या हाडावरच्या पट्टीला ‘जबीरा’ म्हणतात आणि त्यावर मसह करण्याची सवलत चारही मसलकांत आहे. बाकीचे अवयव नेहमीप्रमाणे धुवायचे, बाहेर असलेली बोटं जपून धुवायची आणि पट्टीवरून ओला हात एकदा फिरवायचा. आम्हा हनफींकडे पट्टी बांधताना वुजू असणं जरुरी नाही, आणि चामड्याच्या मोज्यांसारखी मुदतही नाही. हाड जुळेपर्यंत मसह चालतं. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणी बांधवांकडे, तयम्मुम वगैरेचे तपशील वेगळे आहेत. ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत. ओला हात म्हणजे ओलसर हात, पाणी ओतणं नव्हे. एवढ्याने प्लास्टर बिघडत नाही. सजद्यात तळवा टेकवला जात नसेल तर जोर देऊ नये; जितकं जमतं तितकं.

आता जत्रेबद्दल, कारण खोपोलीला किती जण जाणार? आपल्यातले बहुतेक जण पाळण्यात बसतात ते गावच्या उरुसात, ईदच्या मेळ्यात, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेत किंवा डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमींच्या उरुसाच्या मेळ्यात. मोठ्या उद्यानात दारावरचा माणूस प्लास्टर पाहून थांबवतो. आपल्याला राग येतो, पण तो थांबवतो. जत्रेतल्या पाळण्यावर अशी पाटी सहसा नसते. पाळणेवाला पैसे घेतो, दांडा लावतो, आणि पुढचा! तिथे ती पाटी आई-बापांनाच व्हावं लागतं. प्लास्टर नसलेल्या मुलांसाठीही दांडा लागला का, पिन बसली का, हे स्वतः हलवून पाहावं. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजी झोपाळ्यासारखा एक मोठा खेळ चालू असतानाच मोडून कोसळला आणि दोघांचा जीव गेला. तो तर शहरातला कायमचा खेळ होता.

आमच्या मुलीचं प्लास्टर पाचव्या आठवड्यात निघालं. खाजेसाठी तिने आत विणायची सुई घालायचा बेत केला होता, तो तिच्या अम्मीने वेळीच हाणून पाडला. आत झालेली जखम कोणाला दिसत नाही आणि पिकते. प्लास्टर कापायचं यंत्र करवतीसारखा आवाज करतं आणि मुलं त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात. पण त्याचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं आणि हलणाऱ्या कातडीला सहसा इजा करत नाही. आदल्या रात्री मी तिला हे सांगितलं होतं, तरी तिने डोळे मिटलेच. चुलतभाऊ बरोबर आला होता. त्याने शून्य गुण दिले.

आतून निघालेला हात बारीक, सालपटं निघालेला आणि ताठर होता. बघून दादी रडल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. डॉक्टरांनी मालीश करायला मनाई केली. मुलीने स्वतः, दुखेल तिथे थांबत, मनगट वाकवायचं आणि कोमट पाण्यात मूठ उघडायची-मिटायची, एवढंच. सायकल आणि झाडावर चढणं आणखी काही आठवडे बंद. कॅलेंडरवर तिने वैशाखातल्या अमळनेरच्या यात्रेभोवती लाल गोल केलाय आणि खाली लिहिलंय: डॉक्टरांना विचारणे.