मानसशास्त्र ‘बाहेरच्यांना’ शिकवताना

मानसशास्त्र ही कला शाखेच्या मुलांची बाब, शेती किंवा बी.एड. करणाऱ्याला तिचा काय उपयोग, हा समज पक्का आहे. शिवाय त्यात शिकण्यासारखं आहे तरी काय, सगळं व्यवहारज्ञानच तर आहे, असंही म्हटलं जातं. पण वारंवार वाचलं की पक्कं लक्षात राहतं, हे व्यवहारज्ञान सपशेल चुकतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात चार सत्रं उतारा नुसता वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८३ टक्के आठवला. एक सत्र वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ वर होते. गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं आठवेल ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला याहून कामाचं काय असेल? आणि ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात तर शिक्षकाला मानसशास्त्राची गरज अधिकच. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत परततं, तेव्हा बुडालेला अभ्यास आणि कमी बुद्धी यांतला फरक शिक्षकाला कळायलाच हवा. नाहीतर ‘मंद’ हा शिक्का तयारच असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा : एका सहामाहीच्या तुटपुंज्या ज्ञानावर शेती, बी.एड.ची मुलं स्वतःला समुपदेशक समजू लागतील. भीती अगदीच खोटी नाही. फ्रॉइडपासून सिद्धान्तांची यादी पाठ करून घेतली, तर तसंच होईल. मात्र उपाय विषय टाळणं हा नव्हे, तर त्याची हद्द शिकवणं हा आहे. उदाहरणार्थ, आत्महत्येविषयी विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, असं अनेकजण मानतात. उपलब्ध संशोधन याला दुजोरा देत नाही, उलट मोकळेपणानं विचारल्यास माणूस बोलता होऊ शकतो. कर्जानं गांजलेल्या शेतकऱ्याशी उद्या बोलणाऱ्या कृषी पदवीधराला एवढं ठाऊक असावं, आणि पुढचं काम आपलं नाही हेही. त्यानं उपचार करू नयेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्यावा, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं शाखेबाहेरचे विषय घेण्याची मुभा दिली आहेच. तेव्हा पहिल्या तासाला व्याख्या लिहून देण्याऐवजी वर्गाचे समज फळ्यावर मांडावेत आणि एकेक पुराव्यानं खोडावा; नुसती बरोबर माहिती सांगण्यापेक्षा चुकीचा समज समोर ठेवून खोडणं अधिक परिणामकारक ठरतं, हेही प्रयोगांतूनच दिसलं आहे.